गंभीर जखमींची ओळख आणि ट्रॉमा पथकास पाचारण करण्याचे निकष

प्रस्तावना :
नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे गाव मलकापूर-नांदुरा दरम्यान राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ वर (पूर्वीचा क्र. ६) वसलेले आहे. याच महामार्गावर मलकापूर येथे २९ जुलै २०२३ रोजी पहाटे दोन खासगी बसगाड्यांची धडक होऊन सहा प्रवासी मृत्युमुखी पडले व वीसहून अधिक जखमी झाले. अशा प्रसंगी अनेक जखमी एकाच वेळी रुग्णालयात येतात. शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ मात्र मोजकेच असतात. तेव्हा प्रथम कोणाकडे धावावे, हा प्रश्न निर्माण होतो. मोठ्याने विव्हळणारा रुग्ण सर्वांत गंभीर असतोच असे नाही. पोटात रक्तस्राव होत असलेला रुग्ण शांत पडून असू शकतो. म्हणूनच निवडीला निश्चित निकषांची गरज भासते.

निकषांचे स्वरूप :
शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका व तंत्रज्ञ यांच्या एकत्रित गटास ट्रॉमा पथक म्हणतात. त्यास पाचारण करण्याचे निकष स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत.
१) शारीरिक स्थिती : प्रौढ रुग्णाचा वरचा रक्तदाब ९० पेक्षा कमी असणे, श्वसनात अडथळा असणे, तसेच बेशुद्धी. बेशुद्धी ग्लासगो कोमा स्केलने मोजतात. १९७४ मध्ये मांडलेल्या या मापनात ३ ते १५ गुण असतात. ८ किंवा त्याहून कमी गुण ही धोक्याची खूण होय.
२) इजेचे स्वरूप : मान, छाती वा पोटात घुसलेली जखम, मनगट वा घोट्याच्या वर तुटलेला अवयव, मांडी व दंडाच्या हाडांपैकी दोन किंवा अधिक मोडणे.
३) अपघाताचा प्रकार : वाहनाबाहेर फेकले जाणे, त्याच वाहनातील सहप्रवाशाचा मृत्यू होणे इत्यादी. हे निकष संशय वाढवितात. परंतु एकटे पुरेसे ठरत नाहीत.
वृद्धांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. ६५ वर्षांवरील रुग्णाचा रक्तदाब ११० पेक्षा कमी असल्यास तो गंभीर समजावा, असे अमेरिकेतील २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

दोन प्रकारच्या चुका :
निकष फार कडक ठेवल्यास गंभीर रुग्ण सुटतो. फार सैल ठेवल्यास पथक किरकोळ जखमींत अडकून पडते. पहिल्या चुकीची किंमत प्राणाने, तर दुसरीची श्रम व साधनांनी मोजावी लागते. त्यामुळेच पहिली चूक ५ टक्क्यांच्या आत राखण्यासाठी दुसरी २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत मान्य करण्याची पद्धत रूढ झाली.

ग्रामीण संदर्भ :
महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा कार्यरत आहे. रक्तदाब, श्वसन व शुद्धी यांची नोंद रुग्णवाहिकेतूनच रुग्णालयास कळविल्यास रुग्ण पोहोचण्यापूर्वी पथक सज्ज होऊ शकते. या मोजमापांसाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. लागते ते प्रशिक्षण व नियमित सराव.

निष्कर्ष :
निकष हे वैद्यकीय निर्णयाचे साहाय्यक आहेत, पर्याय नव्हेत. म्हणूनच निकषांत न बसणाऱ्या रुग्णासाठीही पथक बोलाविण्याचा अधिकार उपस्थित डॉक्टरांकडे असणे आवश्यक ठरते. प्रत्येक अपघातानंतर निवडीचा फेरआढावा घेतल्यास हे निकष स्थानिक परिस्थितीस अनुरूप होत जातील व महामार्गावरील गावांना त्याचा प्रत्यक्ष लाभ होईल.