झडप चालते, मग मूत्रपिंड?

डोंबिवलीच्या माझ्या मावशीच्या हृदयात डुकराची झडप आहे. मग डुकराचं मूत्रपिंडच इतकं अवघड का? झडप रसायनात मुरवून निर्जीव केलेली असते. मूत्रपिंड जिवंतच लागतं. डुकराच्या पेशींवरची विशिष्ट शर्करा आपल्या रक्तातली प्रतिपिंडं ओळखतात आणि अवयव काही मिनिटांत-तासांत काळवंडतो. म्हणून ती शर्करा बनवणारं जनुकच काढतात. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनला ६९ जनुकीय बदल केलेलं मूत्रपिंड एका रुग्णाला बसवलं. दोनेक महिन्यांनी तो हृदयविकाराने गेला. मूत्रपिंड शरीराने नाकारलं नव्हतं. आशा खरी आहे, पण दूरची. तोवर ठाणे-कल्याणच्या डायलिसिस रुग्णांची भिस्त मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीवर, आणि यादीची मेंदूमृताच्या नातेवाइकांच्या होकारावर. एका होकाराने दोघांचं डायलिसिस सुटू शकतं.