वस्ताद पारखायचा तर

पहाटे साडेचार. कोल्हापुरातल्या एका तालमीत दिवा लागतो आणि मी हौदाच्या कडेला बसून घेतो. गावाकडची ओळखीची माणसं मला विचारतात, "पोरगं कुठल्या तालमीत ठेवू?" भिंतीवरच्या गदा आणि फोटो मोजून मी कधी उत्तर देत नाही. तयारीचा एखादा पैलवान कुठल्याही तालमीत निपजतो. वस्ताद कसा आहे हे कळायला त्याचा अख्खा दिवस बघावा लागतो.

हा वस्ताद पोरांच्या आधी हजर. फावड्यानं उकरलेल्या मातीवरून अनवाणी फिरतोय, पायाला लागलेला खडा वेचून बाहेर टाकतोय.

पाच वाजता जोर-बैठका सुरू. आकडा पोरंच मोजतात. वस्तादाची नजर कमरेवर आणि गुडघ्यावर. एकाची कंबर खाली पडू लागली तसा तो म्हणाला, "बास. पुढचे जोर न्हाईत ते, नुसती हालचाल हाय." पोरगा हिरमुसला, पण थांबला. थकलेल्या अंगाला चुकीची सवय फार लवकर लागते. आकड्याच्या नादात ती लावून देणारे वस्ताद मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यांच्या पोरांचे विशीतच कामातून गेलेले गुडघेही. आल्या दिवशी पोराला हजार बैठका मारायला लावणाऱ्याच्या हाती मी लेकरू देणार नाही.

साडेसहाला लढती. इथं खरी पारख होते, कारण कुणाला कुणाशी धरायचं हे वस्ताद ठरवतो. दोनच महिन्यांपूर्वी आलेल्या पोराला त्यानं सगळ्यात जड पैलवानाशी लावलं, पण त्या मोठ्याला आधी सांगितलं, "ह्यो पट काढंल, काढू दे. मग सोडवून दाखीव." पोरगा पडला, उठला, पुन्हा पटात शिरला. दुसरा एकजण खांदा चोळत उभा होता. "दुखतंय नव्हं? आज लढायचं न्हाईस." "न्हाई वस्ताद, बरं हाय." "डॉक्टरांना दाखव. आतलं मला दिसत न्हाई." आपल्याला काय कळत नाही हे पोरांसमोर बोलणारा वस्ताद मला लाखमोलाचा वाटतो.

आठ वाजता काटा. सोळा वर्षांच्या एका पोराला स्पर्धेआधी तीन किलो उतरवायचे होते, पाणी तोडून. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट फक्त 100 ग्रॅम जास्त भरल्यानं अंतिम लढतीआधी बाद झाली, ते या पोरांच्या डोक्यात आहे. वस्तादानं सरळ सांगितलं, "वाढीचं वय हाय. वरच्या गटात खेळ, हरलास तरी चालंल."

मग मालिश, खुराक आणि दुपारी झोप. मोबाईल कपाटात, कुलपात. झोपेत अंग भरतं, म्हणून झोपही तो मेहनतीइतकीच कडक पाळायला लावतो.

चार वाजता गादी. मातीत कुस्ती रेंगाळते, दम लांबवर पुरवावा लागतो. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये 30 सेकंद. तिथं झटका लागतो आणि तो पुन्हा पुन्हा देता यावा लागतो. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन्ही विभाग आहेत, म्हणून दोन्हीची तयारी वेगळी करून घेणारा माणूस पाहिजे. याच्या हातात घड्याळ होतं. दोर चढणं, मग जोडीदाराला उचलून पळणं, मग ठरलेली विश्रांती. वहीत प्रत्येकाचं नाव, आणि कोण किती दिवस दुखण्यानं बसला त्याचाही रकाना. ही वही त्यानं न मागता दाखवली.

सहा वाजता एक बाप आला. "वस्ताद, पोराचं अंग कधी भरणार?" एक पावडरचा डबाही सोबत. वस्तादानं डबा परत दिला. "आत काय हाय ते तुम्हाला ठावं न्हाई, मलाबी न्हाई. चाचणीत काय सापडलं तर पोराची बंदी होईल. दूध, अंडी, बदाम द्या. आन् खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत पदक आणलं ते 57 किलोच्या गटात."

रात्री मी त्या बापाला म्हटलं, पोरगं इथं ठेवा. महिनाभरानं भेटायला याल तेव्हा त्याला विचारा, आज काय केलंस आणि कशासाठी केलंस. नुसतं "वस्तादांनी सांगितलं म्हणून" असं म्हणाला, तर मला फोन करा. मी पुन्हा येऊन बघेन.