प्रवेशानंतरची शाळा
(लेखांक ४)

मागच्या लेखांकात साखरशाळांचा विचार केला. ऊसतोड कामगारांची कुटुंबं मोठ्या संख्येने कारखान्याच्या तळावर उतरतात, म्हणून तिथेच वर्ग भरवता येतो. मोठ्या गृहप्रकल्पांवरही ते जमतं. १९८८ साली मुंबईत सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलने पुण्यातल्या बांधकामांवर तसे वर्ग चालवले आहेत. नारायण पेठेत मात्र हा मार्ग चालत नाही. इथे जुना वाडा पाडून त्याच चिंचोळ्या जागेवर इमारत उभी राहते आणि पत्र्याच्या आडोशाला एखाददुसरंच कुटुंब असतं, बहुतेकदा वॉचमनचं. दोन मुलांसाठी साइटवर वर्ग कोण उघडणार? या मुलांना नेहमीची शाळा हाच पर्याय उरतो, आणि पेठेत ती हाकेच्या अंतरावर असते. वस्ती कोथरूड, सिंहगड रस्त्याकडे सरकली, अनेकांनी इंग्रजी माध्यम धरलं, तसे पेठांमधल्या मराठी शाळांचे पट घसरले. या शाळांना मुलं हवी आहेत आणि मुलं वाळूच्या ढिगावर खेळत बसली आहेत, हे मला अक्षम्य वाटतं.

कारण म्हणून कागदपत्रांकडे बोट दाखवलं जातं. पण १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा स्पष्ट आहे. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचं. खरी अडचण त्यानंतरची आहे. कलबुर्गीकडून आलेली, तिसरीत बसवलेली मुलगी वर्षभरात वाण्याकडे मराठीत साखर मागते, सुटे पैसे मोजून घेते. भाषा आली, असं सगळ्यांना वाटतं. मग गणितात विचारलं जातं, ‘२४ पेरू ६ मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकी किती?’ भागाकार तिला येतो. प्रश्नच कळत नाही. शेरा मात्र ‘गणित कच्चं’ असा पडतो. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक दाखवून दिला: बोलण्यापुरती दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पुस्तकातली यायला पाच ते सात वर्षं लागतात. घरच्या भाषेत पक्की झालेली समज नव्या भाषेत उपयोगी पडते, हेही त्यांनीच मांडलं.

यावर आक्षेप येतो, की इमारत पूर्ण झाली की मूल जाणारच, मग एवढा खटाटोप कशाला? पण एकदा वाचता येऊ लागलं, की ते मुलाबरोबर पुढच्या गावी जातं. वाया जातं ते नुसतं पटावर चढवलेलं नाव. बाकीचा वर्ग मागे पडेल, ही पालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही. शिक्षकावर सगळं टाकलं तर तसं होईलही. म्हणून रोज एक तास वेगळा आणि त्यासाठी मुलांची भाषा जाणणारी मदतनीस हवी. मराठी शाळेत कन्नडचं काय काम, असंही विचारलं जाईल. मुलीला मराठीच शिकवायची आहे, कन्नडच्या आधाराने ती लवकर येते, एवढंच. आणि महापालिकेची कन्नड माध्यमाची शाळा असली, तरी इतक्या लहान मुलीने रोज शहर ओलांडून तिथवर कुणाबरोबर जायचं?

शाळांनी हे करायला हवंच, पण पहिली खबर त्यांना मिळणार कुठून? वाड्याच्या पुनर्विकासाचा करार करताना मालक आणि भाडेकरू पार्किंगपासून लिफ्टपर्यंत सगळं लिहून घेतात. त्यातच एक कलम घाला: साइटवर राहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव बिल्डरने आठ दिवसांत जवळच्या शाळेला कळवावं.