क्षिप्राकाठचे दोन वटवटे

उभी शेपटी नाचवत झुडपात लुडबुडणारा ‘रेन’ पक्षी भारतात फक्त हिमालयात आढळतो. उज्जैनला त्याच्यासारखा दिसणारा, जेमतेम तेरा सेंटिमीटरचा पक्षी म्हणजे वटवट्या. ब्रिटिश पक्षितज्ज्ञांनी त्याला ‘रेन-वॉर्बलर’ म्हटलं, पण दोघांची कुळं वेगळी.

या भागात राखी वटवट्या आणि साधा वटवट्या, दोघंही राहतात. दोघांचंही शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये, दख्खनमध्ये जमवलेल्या पक्ष्यांवरून केलं. राखीचं डोकं राखाडी, पोट तांबूस, डोळे लालसर. झुडपातून उडताना विजेची ठिणगी उडावी तसा त्याचा चटचट आवाज येतो. साधा मातकट रंगाचा, डोळ्यावर फिकट भुवई.

खरा फरक घरट्यात आहे. राखी रुंद पानं कोळिष्टकांनी शिवून घरटं करतो आणि त्यात विटकरी रंगाची चकचकीत अंडी घालतो. शहरातली बाग, परसातलं झुडूप त्याला पुरतं. साधा मात्र गवताच्या बारीक पट्ट्या विणून उंच गवतात घरटं टांगतो. त्याची अंडी निळसर, तपकिरी नक्षीची. गवत गेलं की त्याचं बिऱ्हाड उठलंच.

आंतरराष्ट्रीय लाल यादीत दोघांपुढे एकच शेरा आहे : ‘किमान चिंता’. जगभरातल्या एकूण संख्येसाठी तो बरोबरच आहे. पण एखाद्या नदीकाठाचं काय चाललंय, हे त्यातून कळत नाही. एकेकाळी वटवट्यांतच गणला जाणारा, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला गवताळ पक्षी आज ‘संकटग्रस्त’ आहे, कारण तिथली उंच गवतं शेतीखाली आणि चराईत गेली. माझ्या मते साध्या वटवट्याकडे बघताना हे उदाहरण डोळ्यांपुढे हवं.

२०२८च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेवर नवे घाट होत आहेत. भाविकांची सोय व्हायलाच हवी. पण जिथे घाट बांधायचा नाही, तिथलं गवत ‘साफसफाई’ म्हणून कापलं जाऊ नये. निदान जून ते सप्टेंबर, या पक्ष्यांच्या मुख्य विणीच्या काळात, त्याला हात लावू नये. उज्जैनकरांनी दिसलेल्या वटवट्यांची नोंद ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जातीनिशी करावी. राखी आणि साधा वेगवेगळे मोजले, तरच साधा कमी होऊ लागल्याचं वेळेत लक्षात येईल.