घटस्फोटाचं रेकॉर्ड मागताना: नक्की कोणता कागद, आणि कोणत्या काउंटीचा?

अमेरिकेतलं स्थलांतर, कुटुंब किंवा स्त्रियांची मालमत्ता यावर संशोधन करायचं ठरवलं की कधी ना कधी तुम्ही घटस्फोटाच्या कागदांपाशी येताच. आणि मग पहिला प्रश्न पडतो, "हे रेकॉर्ड कुठे मिळेल?" प्रश्न बरोबर आहे, पण जरा घाईचा आहे. त्याच्या आधीचा प्रश्न असा की तुम्हाला नक्की कोणता कागद हवाय? कारण "घटस्फोटाचं रेकॉर्ड" नावाची एकच वस्तू नसते.

कागद तीन प्रकारचे असतात. पहिला दाखला. तो राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्याकडे असतो (असला तर). त्यात नवरा-बायकोची नावं, काउंटी, तारीख, केस नंबर, बस्स. दुसरा हुकूमनामा, म्हणजे न्यायाधीशाने सही केलेला डिक्री. लग्न संपलं, मुलं कुणाकडे, घर कुणाला, पोटगी किती, हे त्यात असतं. तिसरी अख्खी केस फाइल. अर्ज, त्यावरचं उत्तर, प्रतिज्ञापत्रं, मिळकतीच्या याद्या, समन्स बजावल्याचा कागद आणि नशीब जोरावर असेल तर साक्षीसुद्धा. संशोधकाला बहुतेक वेळा हवी असते ती फाइल. पण पत्रात नुसतं "डिव्होर्स रेकॉर्ड" लिहिलं तर क्लर्क बिचारा हुकूमनाम्याची दोन पानं पाठवून मोकळा होतो. त्याचं काही चुकलेलं नसतं.

आता "कुठे". घटस्फोट हा तिथे राज्यांचा विषय आहे, त्यामुळे देशभराची एक नोंदवही नाही. आकडेसुद्धा काउंटीच्या कोर्टांतूनच वर येतात. कॅरल राइट यांच्या कामगार खात्याने १८८९ मध्ये लग्न-घटस्फोटांचा पहिला मोठा अहवाल काढला. त्यात १८६७ ते १८८६ या वीस वर्षांतले ३,२८,७१६ घटस्फोट मोजलेत, आणि ही मोजणी कोर्टांच्या दप्तरांतून करावी लागली. पुढे केंद्र सरकारने राज्यांकडून तपशीलवार माहिती घ्यायला सुरुवात केली, पण १९९६ पासून तेही थांबलं. थोडक्यात, वॉशिंग्टनला पत्र लिहून उपयोग नाही. अनेक जण उत्साहाने केंद्राच्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करतात, तो तर पूर्णच वाया. तो कायदा केंद्राच्या कार्यकारी खात्यांना लागू आहे, राज्यांच्या कोर्टांना नाही.

राज्याराज्यांत फरक किती, तर न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाची फाइल शंभर वर्षं बंद असते. पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून इतरांना ती कोर्टाच्या हुकुमाशिवाय मिळत नाही. टेक्सासमध्ये कागद काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे असतात. कॅलिफोर्नियात काउंटीच्या सुपीरियर कोर्टाकडे, आणि तिथे फाइल मुळात खुली धरली जाते, ती बंद करायची तर न्यायाधीशाला कारण द्यावं लागतं. आपल्याकडून गेलेल्या विद्यार्थ्याला याचा धक्काच बसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आपल्याकडे अशी सुनावणी बंद दाराआड होते आणि मजकूर छापायला मनाई असते. तिथे मात्र काउंटरवर जाऊन अनोळखी माणसाच्या मोडलेल्या संसाराची फाइल मागता येते.

पुढचं सगळं मी कॅलिफोर्निया धरूनच सांगतो, कारण आपल्याला जवळचं एक उदाहरण तिथलं आहे. १९१० नंतरच्या काळात पंजाबी शेतकरी इम्पीरियल व्हॅलीत कापूस पिकवू लागले. १९१७ च्या कायद्यानंतर देशातून बायको आणणं अशक्यच झालं. त्यातल्या बऱ्याच जणांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. कॅरन लेनर्ड यांनी या कुटुंबांवर १९९२ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि त्यांचा एक मोठा आधार होता काउंटीची दप्तरं. ही माणसं रोजनिशी लिहिणारी नव्हती. घरात कोण कुणाला काय म्हणत होतं, पैसा कुणाच्या हातात होता, स्वयंपाकावरून काय वाजलं, हे दुसरीकडे कुठे सापडणार? कोर्टातच.

समजा तुम्हाला अशीच एक केस शोधायची आहे. इथे पहिली गाठ घाला: लग्न कुठे झालं याला महत्त्व नाही, अर्ज कुठे दाखल झाला याला आहे. आज कॅलिफोर्नियात अर्जदार जोडप्यातल्या निदान एकाचा राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने मुक्काम असावा लागतो. म्हणजे शेवटचा पत्ता शोधायचा. जनगणना, शहराच्या डिरेक्टऱ्या, मुलांचे जन्मदाखले यांतून तो निघतो. पण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या जोडप्याचा कागद कॅलिफोर्नियातच असेल असं नाही. नेवाडाने १९३१ मध्ये मुक्कामाची अट सहा आठवड्यांवर आणली आणि लोक रीनोला जाऊन काडीमोड घेऊ लागले. ते कागद वॉशो काउंटीत. शिवाय काउंट्याही बदलतात. इम्पीरियल काउंटी १९०७ साली सॅन डिएगोतून वेगळी झाली, तेव्हा त्याआधीचं काही हवं असेल तर एल सेंट्रोला विचारू नका.

काउंटी ठरली की निर्देशसूची. जुन्या सूच्या दोन असतात, फिर्यादीच्या नावाची आणि प्रतिवादीच्या नावाची. दोन्ही बघा. पंजाबी नवऱ्यांच्या बाबतीत 'सिंग' या एका आडनावाखाली रांग लागलेली असते, स्पेलिंगही वाटेल तशी. तिथे बायकोच्या नावावरून शोधणं जास्त सोपं जातं. आणि शब्द लक्षात ठेवा. १९७० पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यात 'डिव्होर्स' जाऊन 'डिसोल्यूशन ऑफ मॅरेज' आलं. त्यानंतरच्या नोंदींत जुना शब्द टाकून काहीच मिळालं नाही तर केस नव्हतीच असा निष्कर्ष काढू नका.

भारतात बसून यातलं किती होतं? बरंच. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर काउंटीच्या नावाने कॅटलॉग चाळला तर अनेक जुन्या सूच्यांचे मायक्रोफिल्म दिसतात, मात्र काही चित्रं त्यांच्या केंद्रांतूनच उघडतात. कोर्टांच्या साइटवर अलीकडच्या केसेसची यादी आणि नंबर मिळतात. पण फाइल घरबसल्या मिळेल ही आशा सोडा. कॅलिफोर्नियाच्या कोर्ट नियमांत कौटुंबिक केसचे कागद लोकांना इंटरनेटवरून दाखवायचे नाहीत असं स्पष्ट आहे, ते कोर्टात येऊनच बघायचे. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. खुलं असणं आणि कुणालाही एका क्लिकवर मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६२ ते जून १९८४ मधल्या घटस्फोटांचा दाखला राज्याच्या खात्याकडेही मिळतो. त्यातून काउंटी आणि केस नंबर हाती लागतो, पण कित्येक महिने वाट बघायची तयारी ठेवा.

आता पत्र. काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या क्लर्कला लिहायचं. त्यात दोघांची पूर्ण नावं (बायकोचं माहेरचंही), स्पेलिंगचे पर्याय, वर्षांचा टप्पा, नंबर असेल तर नंबर. "संपूर्ण केस फाइल हवी, प्रमाणित नको, साधी प्रत चालेल" हे वाक्य टाकाच. प्रमाणित प्रत कोर्टकचेरीसाठी लागते, प्रबंधासाठी नाही, आणि तिचे जादा पैसे पडतात. साध्या प्रतीला पानाला ५० सेंट, आणि शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर १५ डॉलर शोधशुल्क. म्हणून टप्पा आखूड ठेवा. "१९२० ते १९५०" असं लिहाल तर पैसेही जातील आणि क्लर्कची मर्जीही. एकूण पानं किती आहेत ते आधी विचारून घ्या. बरीच कोर्टं "अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही" असं लिहिलेला चेक मागतात, तोही तिथल्या बँकेचा. म्हणजे तिकडचा एखादा मित्र गाठणं आलंच.

उत्तर आलं, "फाइल नाही." इथे थांबू नका. फाइल नाही म्हणजे तीनपैकी काहीही असू शकतं: ती दुसऱ्या काउंटीत आहे, ऐतिहासिक संग्रहाकडे गेली आहे किंवा नष्ट झाली आहे. कॅलिफोर्नियात कौटुंबिक केसेसच्या फाइली तीस वर्षांनी काढून टाकता येतात. १९११ च्या आधीचे कागद मात्र जपावे लागतात. सॅन फ्रान्सिस्कोची बरीच दप्तरं १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली, शिकागोची १८७१ च्या आगीत. तेव्हा उलटपत्री नेमकं विचारा: सूचीत नाव आहे का, केस नंबर दिसतो का, फाइल कुठे हलवली?

आणि फाइल मिळाली की खरं काम सुरू होतं. १९७० च्या आधी कॅलिफोर्नियात दोष दाखवल्याशिवाय घटस्फोट नव्हता. व्यभिचार, अतोनात क्रूरता, सोडून जाणं, हेळसांड, दारू, गंभीर गुन्ह्याची शिक्षा अशी ठरलेली कारणं होती. त्यामुळे वकील कायद्याच्या भाषेतच अर्ज लिहायचे. दहा अर्ज वाचलेत की तीच वाक्यं पुन्हा पुन्हा दिसतील. "त्याने मला तीव्र मानसिक यातना दिल्या" हे त्या बाईचं वाक्य असेलच असं नाही, ते कायद्याच्या पुस्तकातलं असू शकतं. कित्येकदा दोघांनी मिळून ठरवून एकाला दोषी केलेलं असतं. तेव्हा ठरावीक वाक्यं बाजूला ठेवा आणि ठरावीक नसलेला तपशील शोधा: कुठल्या दुकानाची उधारी, कुठल्या शेताचा खंड, कोण कुठे झोपत होतं. रॉबर्ट ग्रिसवोल्ड यांनी सॅन मटेओ आणि सँटा क्लारा काउंट्यांच्या १८५० ते १८९० मधल्या फाइली वाचल्या, एलेन टायलर मे यांनी लॉस एंजेलिसच्या. ही दोन्ही पुस्तकं अर्ज कसे वाचायचे हे शिकण्यासाठी आधी वाचून घ्या.

तारखांचीही एक मेख आहे. १९०३ पासून कॅलिफोर्नियात आधी अंतरिम हुकूम मिळायचा आणि किमान वर्षभराने अंतिम. मधल्या काळात लग्न कायमच असायचं. तुमच्या तक्त्यात "घटस्फोटाची तारीख" असा एकच रकाना असेल तर दोन करा, नाहीतर अंतरिम हुकुमावर थांबलेली किंवा परत एकत्र आलेली जोडपी तुमच्या हिशेबात वेगळी होऊन बसतील.

शेवटी नावांचं. फाइल खुली आहे म्हणून प्रबंधात नावं छापायची का? साठच्या दशकातल्या केसमधली मुलं आज हयात असू शकतात, आणि आपल्या आईने कोर्टात काय सांगितलं ते त्यांना तुमच्या प्रबंधातून कळू शकतं. तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीला प्रस्ताव देतानाच कोणत्या वर्षानंतरची नावं बदलणार ते लिहून टाका, आणि खऱ्या नावांचा तक्ता वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. केस नंबर छापला तर नाव बदलून काही उपयोग नाही, तेही त्याच तक्त्यात जाऊ दे.