मातीचे लहान ठसे

दिवा हें ठाणें व कल्याण यांच्या मध्यें वसलेलें गांव. येथून फार दूर नसलेल्या कान्हेरीच्या डोंगरांत शंभराहून अधिक बौद्ध लेणीं आहेत, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. तेथील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं नांवें दाते म्हणून कोरलेलीं आहेत. कोणीं लेणें दिलें, कोणीं पाण्याचें टांकें. पण ज्याच्यापाशीं इतकें द्रव्य नव्हतें, त्यानें काय अर्पण करावें?

ह्या प्रश्नाचें एक उत्तर इ. स. १८५३ मध्यें मिळालें. त्याच वर्षीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी सुरू झाली. पुढें पहलवी भाषेचे पंडित म्हणून नांवाजलेले वेस्ट साहेब यांस कान्हेरीच्या एका लेण्यांत वाळलेल्या मातीचे पुष्कळ ठसे सांपडले. कांहींवर बुद्धाची मूर्ति होती, कांहींवर सुमारें दहाव्या शतकाच्या वळणाचीं बारीक अक्षरें.

हे ठसे करण्याची रीत सोपी असे. साच्यांत अक्षरें उलटीं कोरीत. त्यावर मळलेली माती दाबली कीं तीं सुलटीं उमटत. मग ठसा वाळवीत किंवा भाजीत. त्यावर बहुधा एकच वचन असे : सर्व गोष्टी कारणापासून उत्पन्न होतात, तें कारण आणि त्यांचा निरोध तथागतांनीं सांगितला आहे. अश्वजित भिक्षूकडून हेंच ऐकून सारिपुत्र बौद्ध धर्माकडे वळला, अशी कथा आहे.

स्तूपांत बुद्धाच्या अस्थि ठेवीत. परंतु अस्थि सर्वांस कोठून मिळणार? म्हणून बुद्धाचें वचन हेंही अस्थींइतकेंच पवित्र मानीत. सातव्या शतकांत भारतांत आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग लिहितो कीं, येथील भिक्षु व गृहस्थ मातीचे चैत्य करीत. नालंदा व बुद्धगया येथेंही असे ठसे विपुल सांपडले आहेत. तिबेटी लोक आजही ते करतात व त्यांस त्सा-त्सा म्हणतात.

व्यापाऱ्याचें नांव दगडावर राहिलें. मूठभर माती वाहणाऱ्याचें राहिलें नाहीं. त्याच्या भक्तीची साक्ष तेवढा ठसाच देतो. म्हणून पाया खणतांना किंवा डोंगरांत हिंडतांना असा तुकडा दिसल्यास, बालमित्रहो, तो उचलूं नका व धुवूंही नका. कच्ची माती पाण्यानें विरघळते आणि अक्षरें कायमचीं जातात. तो जागच्या जागीं ठेवून वडिलांस व शिक्षकांस सांगा, म्हणजे ते पुरातत्त्व खात्यास कळवितील.