घाट चढणारी यंत्रं

अलिबाग आणि जासई एकाच रायगड जिल्ह्यात. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अलिबागकरांच्या बोटाला ७ मे रोजी शाई लागली आणि जासईकरांच्या १३ मे रोजी. २०१९ मध्ये तसंच झालं होतं. तिकडे २३ एप्रिल, इकडे २९ एप्रिल. अलिबाग आता रायगड मतदारसंघात आहे आणि जासई मावळमध्ये. त्या १३ मे रोजी जासईबरोबर पुण्यातही मतदान होतं. उरणच्या खाडीकाठचं आगरी गाव मतापुरतं घाटावर गेलं, याला आता चार निवडणुका झाल्या.

संपादकांनी खरं तर वेगळाच विषय दिला होता. अमेरिकेतल्या छोट्या राज्यातून तिथल्या संसदेवर माणूस कसा निवडला जातो, ते लिहा म्हणाले. वायोमिंगबद्दल वाचत बसलो. २०२० च्या जनगणनेत त्या राज्याची लोकसंख्या होती ५,७६,८५१. प्रतिनिधिगृहात त्याचा एकच सदस्य, दर दोन वर्षांनी निवडून येणारा. अलास्का, व्हरमाँट, डेलावेअर, उत्तर आणि दक्षिण डाकोटा ही राज्यंही तशीच. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जिथून निवडून जातात त्या मिशिगनसारख्या मोठ्या राज्यात दर दहा वर्षांनी मतदारसंघांच्या रेषा नव्यानं आखतात. रेष कुठून न्यायची यावर तिथे कोर्टकचेऱ्या होतात. वायोमिंगला ती भीतीच नाही. अख्खं राज्य हाच मतदारसंघ. १८९० साली राज्य झाल्यापासून त्याची हद्द कुणी हलवलेली नाही आणि हलवूही शकत नाही.

‘हलवूही शकत नाही’ इथे मी वाचायचा थांबलो आणि मला जासई आठवलं. दुसऱ्या दिवशी पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलो.

या रस्त्यावर आता माणसापेक्षा कंटेनर जास्त दिसतात. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू चिर्ल्यापाशी उतरला. एकेकाळी इथे खारजमिनीतली भातं होती, मिठागरं होती, भरतीचं पाणी अडवणारे बांध होते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द इथल्या पोरांना ‘शेतकरी’ या शब्दाच्या आधी कळतो.

जासईत १३ जानेवारी १९२६ रोजी दिनकर बाळू पाटील जन्मले. सगळा मुलूख त्यांना ‘दिबा’ म्हणतो. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, वकील, पनवेलमधून पाच वेळा आमदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते, आणि १९७७ व १९८४ मध्ये कुलाबा मतदारसंघाचे खासदार. कुलाबा हा तसा मानी मतदारसंघ. १९५२ मध्ये त्यानं चिंतामणराव देशमुखांना निवडून दिलं. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे ते हेच. पुढे बॅरिस्टर अंतुलेही याच मतदारसंघातून दिल्लीला गेले.

पण जासईत बसून ऐकायचं ते १९८४ साल. १६ आणि १७ जानेवारीला जमिनीच्या भावासाठी आणि हक्कासाठी झालेल्या आंदोलनावर जासई आणि नवघरच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना परत देण्याचं पुढचं धोरण या रक्तातून आलं. त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला देऊन गेली. उरलेल्या पाचांत बारामतीहून शरद पवार होते, राजापूरहून मधू दंडवते होते, मुंबईतून दत्ता सामंत होते. आणि कुलाब्याहून दिबा होते. देशभर एका दिशेनं वाहणाऱ्या पाण्यात या भागानं आपला बांध फुटू दिला नाही.

हे मला ज्या घरात ऐकायला मिळालं ते एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं घर. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही तेच म्हणेन. १९८४ च्या डिसेंबरात ते नवे शिक्षक होते आणि डोंगराकडच्या एका वाडीत मतदान अधिकारी म्हणून गेले होते. पत्र्याची पेटी, घड्या घातलेल्या मतपत्रिका, फुलीचा शिक्का, आणि रात्री मेणबत्तीवर वितळवलेली लाख. ती लाख सांडून अंगठ्यावर पडलेला डाग त्यांनी मला दाखवला. नंतर प्रत्येक निवडणुकीत त्यांची ड्युटी लागली, पण जासईच्या केंद्रावर एकदाही नाही. नियमच तसा. आपल्या गावात कर्मचाऱ्याला नेमत नाहीत. सरमिसळ होते आणि कुठल्या केंद्रावर जायचं ते साहित्यवाटपाच्या दिवशी कळतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गावांची मतं जपलेला हा माणूस.

आता ते काम त्यांच्या सुनेकडे आलं आहे. त्याही जिल्हा परिषदेच्या शिक्षिका. २०२४ मध्ये पनवेल विधानसभा मतदारसंघातल्या एका केंद्रावर त्या केंद्राध्यक्ष होत्या. मी त्यांना यंत्राबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी तोंडी उत्तर दिलं नाही. आत जाऊन तीन पाट आणले आणि ओटीवर ओळीनं मांडले.

“ही तीन बीयू,” त्या म्हणाल्या.

बीयू म्हणजे बॅलट युनिट. एकावर सोळाच बटणं असतात. मावळात त्या वर्षी ३३ उमेदवार होते. वर ‘नोटा’, म्हणजे ३४ बटणं. म्हणून प्रत्येक केंद्रावर तीन यंत्रं एकाला एक जोडलेली. पाटांच्या शेजारी त्यांनी पोळ्यांचा डबा ठेवला, ते व्हीव्हीपॅट, मताची चिठ्ठी छापणारं यंत्र. हातभर दूर पुस्तक ठेवलं, ते कंट्रोल युनिट, सगळे ज्याला ‘सीयू’ म्हणतात. मत पडतं पाटावर, पण साठतं त्या पुस्तकात. सीयू मतदाराच्या हाताला लागत नाही. तिसरा मतदान अधिकारी तिथे बसून ‘बॅलट’चं बटण दाबतो, तेव्हा एका मतापुरता पाट जागा होतो. मत पडलं की लांब बीप येतो आणि पाट पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा कितीही दाबा.

मला सगळ्यात गुंतवून ठेवलं ते पहाटेच्या कामानं. सात वाजता मतदान, त्याआधी दीड तास मॉक पोल. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकायची आणि एकही बटण वगळायचं नाही. कुणाला किती दिली ते कागदावर लिहायचं. मग ‘क्लोज’, ‘रिझल्ट’. सीयूवर एकेक आकडा येतो, चिठ्ठ्या मोजायच्या, कागदाशी ताडायच्या. मग ‘क्लिअर’. व्हीव्हीपॅटच्या पोटातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून त्यांच्यामागे शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद करायच्या. “हे क्लिअर विसरलं तर त्या दिवसाचं सगळंच बिघडलं,” त्या म्हणाल्या. “मॉक पोलची मतं खऱ्या मतांत मिसळली की आयुष्यभराची बदनामी.” ‘टोटल’ दाबून शून्य दाखवल्यावर हिरवी कागदी मोहोर लावायची. तिच्यावर त्यांची सही, प्रतिनिधींच्या सह्या. ती मोहोर फाडल्याशिवाय निकालाचं बटण कुणाच्या हाती येत नाही.

गुरुजी मध्येच म्हणाले, “लाखेपेक्षा कागद बरा गो. लाख पुन्हा वितळते.”

सुनेनं मान हलवली. त्या दोघांचं या विषयावरचं बोलणं ऐकताना मला दोन सुतार रंध्याबद्दल बोलत असल्यासारखं वाटलं. गुरुजींना सात सेकंदांच्या चिठ्ठीचं फार कौतुक. काचेमागे आपण दिलेलं नाव आणि चिन्ह सात सेकंद दिसतं, मग चिठ्ठी कापून खाली पडते. गुरुजी अधिकारी असताना हे नव्हतं. २०१९ मध्ये मतदार म्हणून ते सात सेकंद उभे राहिले, आणि मागच्यानं घाई केली तरी हलले नाहीत.

संध्याकाळचा एक नियम मला माहीत नव्हता. सहा वाजता रांग उरली असेल तर केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात, पण सुरुवात रांगेच्या शेवटच्या माणसापासून करतात. म्हणजे सहानंतर आलेला कुणी शेपटाला चिकटू शकत नाही. त्या स्वतः वाटायला गेल्या होत्या. सगळ्यात शेवटी एक म्हातारी उभी होती, पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी तिला मिळाली. “तिला वाटलं तिचा नंबर पहिला आला,” बाई सांगत होत्या. “तिला खुर्ची दिली. मत देऊनच गेली.”

मग ‘क्लोज’ दाबलं की यंत्र एकही मत घेत नाही. नमुना सतरा-सी भरायचा: एकूण किती मतं पडली, मोहोरांचे क्रमांक कोणते. त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला. शिक्षकांना अशा कामाचे किती पैसे मिळतात आणि किती रात्री जागरण होतं हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं, कारण त्यांना त्याबद्दल बोलायचं नव्हतं. त्यांना सतरा-सीबद्दल बोलायचं होतं.

एवढी काटेकोर माणसं, एवढं काटेकोर यंत्र. घारापुरी बेटावरच्या मतदारांसाठी कर्मचारी यंत्रं घेऊन बोटीनं समुद्र ओलांडतात, तेही याच उरण विधानसभा मतदारसंघात. केंद्रावर एक मतही इकडचं तिकडे होऊ नये म्हणून हे सगळं. आणि ते मत नंतर कुठल्या ढिगात ओतायचं, हे मात्र नकाशावरची एक रेष ठरवते. माझी काळजी तिथून सुरू होते.

२००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली आणि कुलाबा मतदारसंघ संपला. अलिबाग, पेण, महाड, श्रीवर्धन यांना दापोली आणि गुहागर जोडून रायगड झाला. पनवेल, कर्जत आणि उरण यांना सह्याद्रीपलीकडचे मावळ, पिंपरी आणि चिंचवड जोडून मावळ मतदारसंघ झाला. मध्ये बोरघाट. खाली भात, खाडी, बंदर आणि साडेबारा टक्क्यांचे अर्ज. वर कारखाने, गृहसंकुलं आणि अलीकडेपर्यंत बेकायदा बांधकामांवरचा शास्तीकर. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण एकाच माणसानं दोन्ही तेवढ्याच पोटतिडकीनं मांडावेत, ही अपेक्षा त्या माणसावरही अन्याय करणारी आहे.

आकडे पाहा. २०२४ मध्ये मावळचे मतदार २५ लाखांच्या वर. एकट्या चिंचवडमध्ये सहा लाखांहून जास्त, उरणमध्ये तीन लाखांच्या आसपास. म्हणून उमेदवार कुठला असावा हे कुणी सांगायची गरज उरत नाही. २००९ मध्ये गजानन बाबर, नंतर तीनदा श्रीरंग बारणे. दोघेही पिंपरी-चिंचवडचे. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेलेही घाटाखालचे नव्हते. २०१४ मध्ये तर दिबांच्या शेतकरी कामगार पक्षानंही उमेदवार चिंचवडचा दिला, लक्ष्मण जगताप. पक्षाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्याला जिंकायचं आहे तो मतांच्या ढिगाकडेच पाहणार. तरी जासईत उभं राहून हे आठवलं की पोटात कालवतं.

आणि या गावांनी पाठ फिरवलेली नाही. २०२४ मध्ये मावळच्या सहा विधानसभा मतदारसंघांत सर्वांत जास्त टक्के मतदान उरणमध्ये झालं. बारणे ९६,६१५ मतांनी निवडून आले. विजयाचा हिशेब चिंचवड आणि पिंपरीच्या आकड्यांनी मांडला गेला.

लहान असणं म्हणजे दुर्बळ असणं असंही नाही. लक्षद्वीपचे मतदार साठ हजारांच्या आत, तरी त्यांना स्वतःचा खासदार आहे, वायोमिंगला आहे तसाच. बेटाची हद्द समुद्रानं आखलेली आहे, म्हणून ती टिकते. जासईच्या बाजूनं असा समुद्र नाही. त्याच्या बाजूनं होता तो डोंगर, आणि रेष डोंगरावरून गेली.

पुढची रेष आणखी अवघड असणार. राज्यघटनेच्या ८४ व्या दुरुस्तीनं लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली. २००८ नंतरच्या काळात पनवेलची महापालिका झाली, उलव्यात इमारतींची रांग उभी राहिली, विमानतळ सुरू झाला. त्या विमानतळाला दिबांचं नाव मिळावं म्हणून जून २०२१ मध्ये याच गावांनी मानवी साखळी धरली, सिडकोला घेराव घातला. २०२२ मध्ये विधिमंडळानं तसा ठराव केला. नाव मिळवण्यासाठी रस्त्यावर यावं लागलं, कारण संसदेत त्यासाठी भांडणारा या मातीतला माणूस नव्हता, असं इथले लोक म्हणतात. ते मला पटतं. नव्या रेषेनं पनवेल-उरणचा वेगळा मतदारसंघ झाला, तरी त्यात टॉवरांची मतं गावठाणांपेक्षा किती जास्त असतील, हे गुरुजींनी बोटांवर मोजून दाखवलं. हात खाली ठेवला आणि काही बोलले नाहीत.

तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ ओटीवर येऊन बसले. २०२४ च्या मतमोजणीला ते एका उमेदवाराचे प्रतिनिधी होते. मावळची मोजणी ४ जूनला पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात होती. उरणची यंत्रं बंदोबस्तात आधीच घाट चढून गेली होती. हे गृहस्थ पहाटे अंधारात निघाले, जासईच्या केंद्रांच्या सतरा-सीच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

“उरणच्या टेबलावर बसलो,” ते म्हणाले. “जासईचं यंत्र कधी येतंय याची वाट बघत होतो.”

आलं. त्यांनी मोहोरेचा क्रमांक पाहिला, हिरव्या कागदावरची सही पाहिली. अधिकाऱ्यानं एकूण मतं वाचली. यांनी पिशवीतून प्रत काढून बोट ठेवलं. आकडा जुळला. निकालाचं बटण दाबलं गेलं, उमेदवारांपुढचे आकडे एकेक करून आले, तेही त्यांनी लिहून घेतले. मग कर्मचाऱ्यानं ते यंत्र उचललं आणि दुसऱ्या गावाचं आणून ठेवलं.